सोलापूरहून आठ दिवसांत स्कीइंग: गुलमर्ग, औली, सोलंग तिन्ही बसतील का?

होटगी_रोड
नमस्कार मंडळी. संक्रांतीची यात्रा उरकली की फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात चौघं मिळून स्कीइंगला जायचं ठरतंय. सोलापूर सोडल्यापासून परत सोलापुरात येईपर्यंत आठ दिवस, त्यावर एकही नाही. दोघं अगदी कोरे आहेत. उरलेल्या दोघांना स्नोप्लाव (स्कीची टोकं जवळ आणून मागच्या बाजू फाकवणं) करून थांबता येतं, वळणं मात्र डळमळीत. वयं ३२ ते ५१.
सध्याचा बेत असा: विमानाने श्रीनगर, गुलमर्गला दोन दिवस, मग दिल्लीवरून औली (उत्तराखंड) दोन दिवस, जमलं तर परतताना सोलंग (मनालीजवळ). जाणकारांनी काटछाट करावी.

उतारवाला
काटछाट नाही हो, दोन ठिकाणं सरळ उडवाच.
हिशोब मांडून बघा. रात्रीच्या गाडीने पुणे, सकाळचं विमान, दिल्लीत बदलून दुपारी श्रीनगर, तिथून टॅक्सीने ५०-५५ किमी गुलमर्ग. सगळं जुळलं तर पहिला दिवस यातच संपतो. परतीचाही एक दिवस तसाच. राहिले सहा. त्यातला एक हवामानासाठी मोकळा ठेवायचाच, कारण श्रीनगरला बर्फ पडलं किंवा धुकं बसलं की विमानं रद्द होतात, आणि दिल्लीचं धुकं वेगळंच. म्हणजे स्कीचे पाच दिवस.
आता यात औली घाला. गुलमर्ग ते श्रीनगर, तिथून विमानाने दिल्ली आणि पुढे डेहराडून, मग ऋषिकेशवरून जोशीमठ, म्हणजे औलीचा पायथा. नुसतं ऋषिकेश ते जोशीमठच सुमारे २५० किमी घाटरस्ता आहे, आठ ते दहा तासांचा. दोन दिवस गाडीत, परतीला पुन्हा तेवढेच. स्कीला मिळतील जेमतेम दोन, तेही दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या भाड्याच्या बुटांत.
कोऱ्या माणसाचा पहिला दिवस बूट घालणं, आडवं चढणं, पडणं आणि उठणं यातच जातो. दुसऱ्या दिवशी थांबता येतं, वळण तिसऱ्या दिवशी लागायला लागतं. तिथेच तुम्ही सामान आवरून पुढच्या डोंगराकडे निघणार.

सात_रस्ता
+१. सोलंगबद्दल थोडक्यात. मनालीपासून १३-१४ किमी, उंची सुमारे २५०० मी. उतार छोटा. शनिवार-रविवारी बर्फ बघायला आलेल्यांची जत्रा. स्लेज, स्कूटर, घोडे, मॅगीचे स्टॉल, आणि त्यातून वाट काढत तुम्ही शिकणार. ताजं बर्फ पडलं की मनालीच्या पुढे साध्या गाड्या अडवतात, फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्याच सोडतात. भुंतरचं (मनालीच्या जवळचा विमानतळ) विमान छोटं आणि बेभरवशाचं. दिल्लीहून बस घेतली तर ५०० किमीच्या वर, रात्रभर.
अटल बोगदा (९.०२ किमी, ऑक्टोबर २०२० पासून) झाल्यावर लोक सिस्सूलाही जातात, पण तिथे लिफ्ट नाही. बर्फात खेळायचं तर छान जागा. स्की शिकायची असेल आणि हाताशी दोन आठवडे असतील तर मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचा कोर्स उत्तम. आठ दिवसांत ते बसत नाही.

कंबर_तलाव
उतारवाल्यांचं गणित मान्य. पण एकच ठिकाण निवडायचं म्हटल्यावर सगळे डोळे झाकून गुलमर्गच का सांगतात, हे कळत नाही. नवशिक्यांसाठी औली वाईट नाही.
औलीचा उतार साधारण २५०० ते ३०५० मीटरच्या मध्ये, रुंद आणि एकसारखा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांतलं स्कीइंग इथेच झालं, त्यासाठी बर्फ तयार करणाऱ्या तोफा आणि कृत्रिम तळं केलं. चेअरलिफ्ट आहे. गढवाल मंडळ विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात; राहणं, जेवण, साहित्य, प्रशिक्षक एकत्र. समोर ७८१६ मीटरची नंदादेवी. आणि गुलमर्गसारखं कुणी बाही धरून ‘साहब गाईड, साहब स्लेज’ करत नाही.
अडचणीही सांगतो. जोशीमठहून वर जाणारा चार किमीचा रोपवे जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला. जुने व्हिडिओ बघून त्याच्या भरवशावर बेत आखू नका. रस्त्याने जायचं, आणि सावलीतल्या वळणांवर सकाळी बर्फाचा काचेसारखा थर असतो. दुसरं, बर्फाचा भरवसा कमी. तोफा असल्या तरी त्यांना हवा थंड लागते. रात्री पारा शून्याखाली नीट उतरला नाही तर त्या नुसत्याच उभ्या. बर्फ नाही म्हणून तिथल्या राष्ट्रीय स्पर्धासुद्धा पुढे ढकलल्या किंवा रद्द झाल्यात.
एक फुकटचा सल्ला: औलीच्या वाटेवर गढवालमधलं श्रीनगर लागतं. हॉटेल बुक करताना राज्य बघा. एकाच बेतात दोन्ही श्रीनगर असली की ॲपवर चुकीचं बटण दाबलं जातं.

होटगी_रोड
कंबर_तलाव, ७ दिवसांचा कोर्स म्हणजे जाणं-येणं धरून अकरा होतात ना?

कंबर_तलाव
होतात. म्हणून तुमच्या आठ दिवसांना मीही औली सुचवणार नाही. रजा वाढली तर विचार करा.

उतारवाला
मग गुलमर्ग. का, ते नीट सांगतो, म्हणजे तिथे गेल्यावर चुकीच्या उतारावर वेळ जाणार नाही.
गुलमर्गचे तीन मजले धरा. तळ सुमारे २६५० मीटरवर. इथे गोल्फ कोर्सच्या बाजूचे सौम्य उतार आणि ड्रॅग लिफ्ट (स्कीवर उभं असतानाच ओढत वर नेणारी). तुमच्यातल्या कोऱ्या दोघांचे पहिले तीन दिवस इथेच. दुसरा मजला कोंगडूरी, सुमारे ३१०० मीटर. गोंडोलाचा, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेचा, पहिला टप्पा (१९९८ पासून) इथे आणतो, बाजूला चेअरलिफ्टही आहे. वळणं जोडता यायला लागली की इथे. तिसरा मजला अफरवटचा कडा, सुमारे ३९५० मीटर, दुसरा टप्पा (२००५ पासून). जाहिरातीत दिसतो तो हाच. तिथून तळापर्यंत जवळपास १३०० मीटरची उतरण, आणि जगभरातून लोक येतात ते याच्यासाठी.
पण ऐका. वरचा भाग म्हणजे मशीनने सारवलेला उतार नव्हे. खोल, कच्चं, वाऱ्याने कुठे कडक तर कुठे भुसभुशीत झालेलं बर्फ. स्नोप्लाववाल्याने तिथे स्की घालायचीच नाही. तिकीट काढून वर जा, फोटो काढा, गोंडोलानेच खाली या. हिमस्खलन ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले, २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. हे सराईत लोक होते. आखलेल्या उताराच्या दोरीपलीकडे जायचं तर बीकन (गाडलेल्याचा माग देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि स्थानिक गाईड हवा, आणि पहिले तीन वापरता यायला हवेत. स्की पेट्रोलचा रोजचा धोक्याचा आकडा (१ ते ५) सकाळी बघायची सवय लावा, खालीच राहणार असलात तरी. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो, कधी सलग दोन-तीन दिवस. नवख्यांचा त्यामुळे काहीच तोटा नाही. वरच्यासाठीच आलेल्यांचा मात्र अख्खा प्रवास वाया. तुमच्या चौघांच्या दर्जाला गुलमर्ग जुळतं ते यासाठीही.

नवी_पेठ
काय बे, सगळे भारतातच अडकलात. दिल्लीहून अल्माटी थेट विमानाने चार तासांच्या आत-बाहेर. कझाकस्तानला भारतीयांना एका वेळी १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. शहरालगतच मेडेऊ, तिथून साडेचार किमीचा गोंडोला शिंबुलाक या स्की केंद्राला, तळ २२६० मीटर, वर तालगार खिंड सुमारे ३२०० मीटर. रोज सारवलेले उतार, बर्फाच्या तोफा, भाड्याचं साहित्य चांगलं. शहरात राहून रोज वर-खाली करता येतं, म्हणजे हॉटेलचे पर्याय भरपूर. सोलापूरच्या माणसाला दिल्लीपर्यंत जावंच लागतं, पुढची उडी थोडी लांब एवढंच.

उतारवाला
नवी_पेठ यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सारवलेल्या उतारावर वळण शिकायचं तर शिंबुलाक गुलमर्गपेक्षा सरस, हे मान्यच करावं लागेल. तीन गोष्टी तोला. प्रशिक्षक रशियन किंवा कझाक बोलणारा, इंग्रजीवाला आधी सांगून ठेवावा लागतो. पासपोर्टची मुदत बघा. आणि शाकाहारी असाल तर रोजचा शोध. गुलमर्गला हिंदीत ‘घुटना मोड़ो, आगे झुको’ ऐकायला मिळतं, नवशिक्याला त्याचा फार उपयोग होतो.

होटगी_रोड
चौघांपैकी दोघांचे पासपोर्टच नाहीत. अल्माटी पुढच्या वर्षी. गुलमर्ग पक्कं. आता राहायचं कुठे? श्रीनगरला हॉटेल स्वस्त मिळतंय, रोज जाऊन-येऊन केलं तर?

उतारवाला
नको. बर्फ पडलेल्या सकाळी तंगमर्गच्या वरचा १३ किमीचा घाट साफ होईपर्यंत थांबावं लागतं. वर साध्या गाड्या सोडत नाहीत, चेनवाली स्थानिक गाडी करायची. रोज तीन-चार तास त्यातच गेले तर पाच दिवसांचे तीनच उरतात. गुलमर्गमध्येच राहा, शक्य तेवढं गोंडोलाच्या किंवा ड्रॅग लिफ्टच्या जवळ, कारण स्की बूट घालून अर्धा किमी चालणंसुद्धा शिक्षा आहे.
हॉटेलला फोनवर तीन प्रश्न विचारा: खोलीत हीटिंग कसलं (बुखारी म्हणजे लाकडाची शेगडी, हीटर की सेंट्रल), वीज गेली तर रात्री जनरेटर किती वाजेपर्यंत, आणि ओले बूट-मोजे वाळवायला गरम खोली आहे का. तिसऱ्यावर जो अडखळेल तिथे स्कीवाले उतरत नसणार.
तंगमर्गला गमबूट आणि लांब कोट भाड्याने गळ्यात मारतात. ते बर्फ बघायला येणाऱ्यांसाठी असतात, तुम्हाला नको.

सिद्धेश्वर_एक्स्प्रेस
प्रवासातले खड्डे.
गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन, दोन्ही टप्प्यांची वेगवेगळी. मोसमात आधीच संपतात. बुकिंगला दिलेलं ओळखपत्रच सोबत हवं.
बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. चौघांत किमान दोघांचं पोस्टपेड करून घ्या, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं.
श्रीनगर विमानतळावर परतताना तपासणीचे टप्पे जास्त, तीन तास आधी पोचा. विमान रद्द झालं तर जून २०२५ पासून श्रीनगर ते कटरा वंदे भारत आहे, तिथून जम्मू-दिल्ली. जागा लगेच संपतात, म्हणून विमान रद्द झाल्याचा मेसेज आला की रांगेत भांडत बसण्याआधी तिकीट बघा.
विमानाचं जमत नसेल तर कर्नाटक एक्स्प्रेस आपल्या स्टेशनवरून थेट नवी दिल्लीला जाते. पण एक दिवस-रात्र जाताना, तेवढीच येताना. आठ दिवसांत परवडत नाही. पुणे विमानतळ २५० किमी, हैदराबाद ३०० च्या वर. ज्या बाजूने श्रीनगरला दुपारपर्यंत पोचवणारं विमान मिळेल ते घ्या. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर हवीत. वेगवेगळी काढली आणि दिल्लीत धुक्याने पहिलं लटकलं तर दुसऱ्याचे पैसे गेले.

भाड्याचे_बूट
उतार कितीही चांगला निवडा, बूट चुकला तर दुपारी दोनला तुम्ही हॉटेलात. म्हणून सविस्तर.
स्की बुटाचं माप सेंटीमीटरमध्ये. घरी भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजा. २६.५ सेंमी आलं तर २६.५. दुकानदार ‘थोडा ढीला अच्छा रहेगा’ म्हणून २८ काढतो. घेऊ नका. ढिल्या बुटात पाय आत फिरतो आणि स्की वळत नाही, मग माणूस बकल आवळतो, पोटरी सुन्न होते, आणि दोष थंडीला.
घालायची रीत: सगळी बकलं उघडी, जीभ बाहेर ओढून पाय आत, टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवायची. मग गुडघा पुढे दाबून आधी वरचा पट्टा आणि घोट्यावरचं बकल लावायचं, बोटांवरचं सगळ्यात शेवटी, अगदी हलकं. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत, गुडघा वाकवला की सुटली पाहिजेत. मोजा एकच. दोन घातले की मध्ये घडी पडते, घडीखाली फोड. थर्मलची पँट बुटाच्या आत कोंबायची नाही, काठावर सोडायची. नडगीवर व्रण उठतात ते बहुतेक याच्यामुळेच.
नवशिक्याची स्की हनुवटी ते नाक यांच्यामधल्या उंचीची. लांब स्की ‘जास्त प्रो’ नसते, वळायला जड असते.
बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड) आकडा (डिन) वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि दर्जा यांवरून तक्त्यात बघून लावतात. सत्तर किलोच्या नवशिक्याला साधारण ५ च्या आसपास येतो. पन्नाशी ओलांडलेल्याला तक्त्यात एक ओळ कमी, हे तुमच्यातल्या ५१ वाल्यांसाठी. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच ठेवून स्की हातात दिली तर समोर स्क्रूड्रायव्हर फिरवायला लावा. पडल्यावर स्की सुटली नाही तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो.
गॉगल आतून हातमोज्याने पुसू नका, आतला थर खरवडतो. घामेजल्या टोपीवर चढवून ठेवला की धुकं धरणारच. हेल्मेट भाड्याने मिळालं नाही तर दुकान बदला.

शेंगाचटणी
कपड्यांत सुती काही नको का? सोलापुरी चादर घ्यायची होती 😄

भाड्याचे_बूट
चादर घरीच. जड, आणि एकदा ओलसर झाली की तिथे वाळत नाही. अंगालगत लोकर किंवा पॉलिस्टर, त्यावर फ्लीस, बाहेरून पाणी न शिरणारं जॅकेट-पँट. जीन्स अजिबात नाही. नवशिक्याचा अर्धा दिवस बर्फात बसण्यातच जातो. हातमोजे वॉटरप्रूफ आणि दोन जोड, लोकरीचे तासाभरात भिजतात. सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही, कारण ऊन खालच्या बर्फावरून उलटं येतं.

गुडघा_आणि_पोटरी
फिजिओच्या बाजूने. आपलं शहर सुमारे ४५० मीटरवर आणि सपाट, उतरणीची सवय पायांना नाही. स्कीत मांडी तासन्‌तास अर्धी वाकलेली असते. निघण्याआधी सहा आठवडे, एक दिवसाआड: भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं (३० सेकंदांपासून दीड मिनिटापर्यंत), बैठका, आणि जिना एका पायावर सावकाश उतरणं. चढणं नव्हे, उतरणं. तलावाभोवती चालणं तब्येतीला चांगलं, पण ही तयारी नव्हे.
पहिल्या रात्री पाणी भरपूर, दारू नाही. दुसऱ्याच दिवशी ३९५० मीटरला जाऊ नका, चौथा-पाचवा दिवस ठीक. डोकेदुखीसोबत उलटी किंवा तोल जाणं सुरू झालं तर थेट खाली. बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांशी आधी बोला.
दुखापती जास्त करून दुपारी तीननंतर, थकलेल्या पायांवर, ‘एक शेवटची फेरी’ म्हणताना होतात. आणि विमा काढताना ‘स्कीइंग’ हा शब्द पॉलिसीत शोधा, बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत तो वगळलेला असतो.

होटगी_रोड
सगळ्यांचे आभार. आता असं बसवलंय: दि. १ प्रवास. दि. २ ते ४ कोरे दोघं ड्रॅग लिफ्टजवळ प्रशिक्षकासोबत, बाकी दोघं पहिला दिवस तिथेच आणि मग कोंगडूरी. दि. ५ चौघं कोंगडूरी. दि. ६ दुसरा टप्पा फक्त बघायला, गोंडोलाने परत, दुपारी खाली स्की. दि. ७ श्रीनगरला मुक्काम, दि. ८ परत. चालेल?

उतारवाला
चालेल. एक बदल. दुसऱ्या टप्प्याला ठरावीक दिवस बांधू नका. तिकीट ६ चं असू द्या, पण ५ ला स्वच्छ हवा आणि वारा शांत दिसला आणि तिकीट मिळत असलं तर ५ लाच उरका. आणि प्रशिक्षक दोघांत एक घ्या, चौघांत एक नको. दर्जा वेगळा असला की तो सगळा वेळ पडलेल्याला उचलण्यात घालवतो. पैसे दिवसावर ठरवा, तासावर नाही, आणि साहित्य त्यात धरलंय का ते उतारावर जायच्या आधी बोलून घ्या.

कंबर_तलाव
दि. ७ ला सकाळीच गुलमर्ग सोडा. संध्याकाळी बर्फ सुरू झालं आणि तुम्ही वर अडकलात तर मोकळा दिवस ठेवून उपयोग काय.

शेंगाचटणी
आणि खाऊ? कडक भाकरी आणि शेंगाचटणी खिशात ठेवली तर चालते, थंडीत चॉकलेटसारखी दगड होत नाही. विमानात नेऊ देतात का?

सिद्धेश्वर_एक्स्प्रेस
भाकरी हातात चालेल. चटणी चेक-इन बॅगेत टाका, तिखट-मसाल्याची पूड केबिनमध्ये अडवतात. पॉवर बँक मात्र उलट, ती चेक-इनमध्ये चालत नाही, हातातच ठेवायची.